घर प्रतापनगरात, मालक टेक्सासला, घरटॅक्स कोणाचा?

वाचकाचं पत्र:

ताई, नमस्कार.

मी मूळचा नागपूरचा. बारा वर्षांपासून अमेरिकेत, टेक्सासमध्ये डलासजवळ राहतो. ग्रीन कार्ड आहे, नागरिकत्व अजून भारताचंच. प्रतापनगरात बाबांनी बांधलेलं दुमजली घर आहे. बाबा फेब्रुवारी २०२१ मध्ये गेले. मृत्युपत्र केलेलं नव्हतं. तेव्हापासून आई मनीषनगरला माझ्या बहिणीकडे, ताईकडे, राहते आणि घराला कुलूप आहे. खालच्या मजल्यावर भाडेकरू होते, तेही २०२० सालीच सोडून गेले.

गेल्या महिन्यात शेजारच्या काकांनी व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो टाकला. 'अबे, तुमच्या गेटवर मनपाची नोटीस लागून राहिली, पाह्य जरा.' ७२ हजारांची मागणी! पाच वर्षांचा घरटॅक्स थकलाय म्हणे. आईला विचारलं तर ती म्हणाली, बिलं येत होती, मी देवघराच्या खणात ठेवत गेले, मला वाटलं तू तिकडून भरत असशील. ताई म्हणते, डॉलरमध्ये कमावतोस, तूच भर. पैशांचं मला एवढं काही नाही, पण पटत नाही. घर बंद आहे. कचरा नाही, पाणी नाही, माणूस नाही. मग कर कशाचा? इथल्या घराचा प्रॉपर्टी टॅक्स तर कंबरडं मोडणारा आहे. एकाच माणसाने दोन देशांत घरटॅक्स भरायचा का? मी परदेशात आहे म्हणून जास्त लावलाय का? भरला नाही तर खरंच लिलाव होतो का? मित्र म्हणतात, अभय योजना येईल तोवर थांब. नोटिशीचा आणि बिलाचा फोटो सोबत जोडतो.

– एक नागपूरकर, टेक्सास

उत्तर:

भाऊ, आधी ७२ हजार भरा. भांडायचं ते पावती हातात आल्यावर भांडू, आणि भांडण्यासारखं तुमच्या बिलात आहेही. पण आधी भांडण आणि मग भरणा असं ठरवलंत, तर तुमचं तत्त्व महिन्याला दोन टक्क्यांनी महागत जाईल.

बिलाचा फोटो मोठा करून पाहिला. ७२ हजारांत कर आहे ४५ हजारांचा, वर्षाला ९ हजार याप्रमाणे २०२१-२२ ते २०२५-२६ अशा पाच वर्षांचा. वरचे २७ हजार निव्वळ शास्ती, म्हणजे उशिराचा दंड. थकलेल्या घरटॅक्सवर दरमहा २ टक्के, म्हणजे वर्षाला २४ टक्के. घराच्या कर्जावर कोणती बँक एवढं व्याज लावेल? सहामाहीचा हप्ता साडेचार हजारांचा. पहिल्या सहामाहीवर जुलैपासून आणि दुसरीवर जानेवारीपासून शास्ती धरून मार्च २०२६ पर्यंत बेरीज मारली, तर आकडा चोख जुळतो. तेवढ्यापुरता मनपाचा हिशेब बरोबर आहे. त्यातली सगळ्यात जुनी ओळ बघा. २०२१-२२ चा कर ९ हजार, आणि त्यावर शास्ती ९,७२० रुपये. कोणतीही रक्कम पन्नास महिने पडून राहिली की शास्ती तिच्याएवढी होते, तुमची त्याच्याही पुढे गेली. उलट २०२५-२६ च्या ९ हजारांवर शास्ती जेमतेम १,०८०. वेळेत लक्ष गेलं असतं तर ही गोष्ट एवढ्यावरच मिटली असती.

अभय योजनेचं म्हणाल, तर मित्र अगदीच चुकीचं सांगत नाहीत. नागपूर मनपाने मागे अशा योजना आणल्या आहेत आणि शास्तीचा मोठा हिस्सा माफही केला आहे. पण माफी शास्तीत मिळते, मुद्दलात नाही, आणि योजना केव्हा येईल ते आधी कोणी सांगत नाही. तोवर ४५ हजारांवर महिन्याला ९०० रुपये चढत राहणार. ताईंना एक फोन करून विचारायला सांगा, की आज अशी काही सवलत चालू आहे का. असेल तर घ्या. नसेल तर वाट बघू नका. गेटवर कागद चिकटलेला माणूस आणि नुसतं बिल आलेला माणूस यांच्या स्थितीत फरक असतो. पहिल्याचं नाव यादीत गेलेलं असतं.

लिलाव होतो का? होतो. वर्तमानपत्रात जप्त मालमत्तांच्या लिलावाच्या जाहिराती तुमच्या काकांनीही वाचल्या असतील. पण नोटीस लागली आणि दुसऱ्या दिवशी घर विकलं, असं होत नाही. मागणीची नोटीस, मग वॉरंट, मग जप्ती, आणि त्यानंतर विक्री, असा तो प्रवास आहे. तुम्ही पहिल्याच टप्प्यावर आहात, तेव्हा घाबरून जाऊ नका. मात्र एक गोष्ट ध्यानात घ्या. कायद्याने घरटॅक्सचा बोजा घरावरच बसतो. सरकारी जमीन महसूल सोडला तर त्याचा हक्क सगळ्यांच्या आधीचा. मालक डलासला असो की दिघोरीला, बोजा घरालाच चिकटलेला. उद्या घर विकायला काढलंत तर घेणाऱ्याचा वकील सगळ्यात आधी चालू वर्षापर्यंतची करपावती मागेल.

आता तुमची मुख्य शंका. परदेशात राहता म्हणून जास्त लावलाय का? नाही. बिल वरून खाली वाचा, त्यात तुमच्या नागरिकत्वाचा, पासपोर्टचा, पत्त्याचा कुठेही रकाना नाही. आपल्याकडे घरटॅक्स काढतात तो घराच्या वार्षिक भाडेमूल्यावरून. हे घर भाड्याने दिलं तर वर्षाला किती येईल, याचा अंदाज धरायचा; त्यातून दुरुस्तीपोटी १० टक्के वजा करायचे; जे उरेल ते करयोग्य मूल्य. त्यावर सामान्य कर, मलनिस्सारण, अग्निशमन, वृक्ष कर असे एकेक रकाने बसतात. त्यात राज्य सरकारचा शिक्षण करही असतो, तो मनपा नुसता गोळा करून सरकारकडे जमा करते. घर कुठल्या भागात, बांधकाम कसलं, किती जुनं, वापर कशासाठी, एवढंच बघतात. मालक कुठे झोपतो याच्याशी त्यांना देणंघेणं नाही.

पण 'वापर' हा शब्द मी मुद्दाम लिहिला. तुमच्या बिलात तळमजल्यापुढे वापर 'भाडेकरू' असा लागलेला आहे. भांडायची जागा ती. मालक स्वतः राहतो त्या भागापेक्षा भाड्याने दिलेल्या भागाची आकारणी जास्त होते. तुमचे भाडेकरू २०२० मध्ये गेले, पण ते गेल्याचं मनपाला कोणी लेखी कळवलं नाही, आणि न कळवता नोंद बदलत नसते. त्यात काही वर्षांपूर्वी शहरभर घरांचं नव्याने सर्वेक्षण झालं, तेव्हा अनेक घरांच्या नोंदी जशा सापडल्या तशा चढल्या. आईंनी खणात ठेवलेली बिलं टाकू नका. ती वर्षावार लावून 'भाडेकरू' ही नोंद पहिल्यांदा कोणत्या बिलात आली ते शोधा. मग झोनकडे पुन्हा पाहणी करून आकारणी दुरुस्त करण्याचा अर्ज द्या. प्रतापनगर लक्ष्मीनगर झोनमध्ये येतं. अर्जासोबत तळमजल्याच्या मीटरची महावितरणची बिलं जोडा, ज्यात युनिट शून्य किंवा नगण्य आहेत. भाडेकरूंसोबतचा जुना करार संपल्याचा कागद असेल तर तोही. याने पुढच्या वर्षांची आकारणी सुधारेल. मागच्या पाच वर्षांचे पैसे परत मिळतील या आशेवर मात्र राहू नका.

आकारणीविरुद्ध अपिलात जायचं झालं तरी कायद्याने मागितलेली रक्कम आधी जमा करावीच लागते. 'आधी भरा' म्हणाले ते त्यासाठीही. भरणा केला म्हणून तुमची हरकत संपत नाही; पावती घेतल्यावर अर्जात 'आक्षेप कायम ठेवून भरणा केला आहे' असं एक वाक्य टाका.

बंद घराला कर कशाचा, हा प्रश्न मला परदेशातून येणाऱ्या प्रत्येक दुसऱ्या पत्रात भेटतो. २३ सप्टेंबर २०२३ ची पहाट तुम्ही टेक्सासमध्ये बसून व्हिडिओवर पाहिली असेल. अंबाझरी तलाव ओसंडला, नागनदी फुगली आणि पश्चिम नागपुरात घराघरांत पाणी शिरलं. त्या पाण्याने कुठल्या घरात माणसं आहेत आणि कुठलं कुलूपबंद आहे, हे विचारलं नाही. नाला साफ करणं, रस्त्यावरचा दिवा, आगीचा बंब, हे सगळं तुमच्या कुलपासाठीही आहे. उलट आत माणूस नसलेल्या घराला त्याची गरज थोडी जास्तच. घरटॅक्स ही वापराची फी नाही. पाण्याचं बिल वेगळं येतं, ते मीटरवर चालतं, आणि त्यात तुम्ही वापरत नसाल तर कमी भरता. हो, रिकाम्या घराला काही अटींवर करात परतावा मिळण्याची तरतूद कायद्यात आहे. पण घर रिकामं झाल्याची लेखी सूचना आधी द्यावी लागते. पाच वर्षांनी 'ते रिकामंच होतं हो' म्हणून उपयोग नाही.

दोन देशांत दोनदा भरायचं का, यावर तुमचं नाराज होणं मला कळतं, पण तुम्ही एकाच घरावर दोनदा भरत नाही. घरं दोन आहेत. दुहेरी करआकारणी टाळण्याचा भारत-अमेरिका करार उत्पन्नावरच्या करासाठी आहे, घरटॅक्ससाठी नाही. टेक्सासचा कर जड वाटतो त्याला कारण आहे. तिथे राज्याचा आयकर नाही, आणि स्थानिक कारभाराचा, विशेषतः शाळांचा, खर्च बराचसा घरांच्या करावर चालतो. तो कर निघतो घराच्या बाजारभावावरून, बहुतेक ठिकाणी दोन टक्क्यांच्या आसपास. आपला निघतो मानीव भाड्यावरून, आणि ते मानीव भाडं खऱ्या भाड्याच्या कितीतरी मागे असतं. प्रतापनगरात आज तुमच्या घराला जी किंमत येईल तिच्यावर टेक्सासच्या दराने कर लावला, तर ९ हजारांचं बिल लाखांत जाईल. मनपाची तिजोरी कायम रिकामी का असते याचं एक कारण यातही आहे, पण तो विषय आज नको.

आणि परक्यांना वेगळं वागवणारे देश बघायचेच असतील तर ते दुसरीकडे आहेत. सिंगापूरमध्ये परदेशी माणसाने घर घेतलं तर एप्रिल २०२३ पासून किमतीच्या ६० टक्के जादा मुद्रांक शुल्क. अमेरिकी नागरिकांना व्यापार करारामुळे त्यातून सूट आहे, पण ग्रीन कार्डवाल्या नागपूरकराला नाही. इंग्लंडमध्ये अनिवासी खरेदीदाराला एप्रिल २०२१ पासून २ टक्के अधिभार. कॅनडाने तर २०२३ पासून बहुतेक परदेशी लोकांना घर घ्यायलाच बंदी घातली, आणि व्हँकुव्हर शहर नुसतं घर रिकामं ठेवलं म्हणून कर लावतं. त्या मानाने नागपूर मनपाने तुम्हाला शेजारच्या काकांच्याच मापाने मोजलं आहे.

परदेशात राहिल्याने तुमचा खर्च वाढला तो दुसऱ्या वाटेने. बिल अजून बाबांच्या नावाने निघतं, बाबांच्या पत्त्यावर जातं, मोबाइल क्रमांकही बाबांचाच नोंदलेला असणार. मालक वारला तर वारसांनी वर्षाच्या आत मनपाला लेखी कळवायचं असतं. ते राहिलंय. आता करून घ्या.

त्यासाठी नाव दोन ठिकाणी बदलावं लागेल, आणि लोक ते एकच समजतात. एक, मनपाच्या कर विभागातली नोंद. दुसरं, सिटी सर्व्हेची आखीव पत्रिका, म्हणजे प्रॉपर्टी कार्ड, तिथे वारसांचा फेरफार. घरटॅक्सच्या पावतीवर नाव आलं म्हणजे मालकी सिद्ध झाली असं होत नाही. आखीव पत्रिका काढलीत की जमीन कोणाची हेही कळेल. प्लॉट नासुप्रचा (नागपूर सुधार प्रन्यासचा) किंवा नझूलचा, म्हणजे सरकारी जमिनीचा, लीजवरचा असेल, तर त्याचं भूभाटक, म्हणजे जमिनीचं भाडं, वेगळं असतं, लीजची मुदत वेगळी असते, आणि तिथेही थकबाकी असू शकते. ७२ हजारांवर गाडी थांबेल असं धरून चालू नका. तेही एकदाच तपासून घ्या.

वारस कोण? मृत्युपत्र नाही आणि घर बाबांचं स्वकष्टार्जित, तेव्हा हिंदू उत्तराधिकार कायद्याप्रमाणे आई, ताई आणि तुम्ही, तिघांचा सारखा वाटा. बाबा गेले तेव्हा तुमची आजी, म्हणजे बाबांची आई, हयात असेल तर चार वाटे. हे फार जण विसरतात आणि मग सगळे कागद पुन्हा करावे लागतात. मृत्यूचा दाखला, वारसांचं प्रतिज्ञापत्र, बाबांचं विक्रीपत्र आणि चालू करपावती एवढं हाताशी ठेवा. ती पावती थकबाकी भरल्याशिवाय मिळणार नाही.

आता ताई. तिघांचा सारखा वाटा म्हणजे ७२ हजारांतला तुमचा भाग हिशेबाने २४ हजार. 'डॉलरमध्ये कमावतोस' हे काही कायद्याचं कलम नाही, तुमचं बरोबर आहे. तरी मी म्हणेन, सगळे तुम्ही भरा. आईंना सांभाळतं कोण? ताई. या पुढच्या पाच-सात चकरा, झोन ऑफिस, सिटी सर्व्हे, झेरॉक्स, नोटरी, मे महिन्याच्या उन्हात कोण मारणार? त्याही ताईच. त्याचं बिल त्यांनी तुम्हाला कधी पाठवलेलं नाही. फक्त तिघांत एक साधा कागद करा: थकबाकी मी भरली, पुढे घर विकलं किंवा वाटणी झाली तर ही रक्कम हिशेबात धरायची की नाही, ते आजच ठरवतो आहोत. धरायची नाही असं ठरलं तर तसंही लिहा. मी पाहिलेली भावंडांची भांडणं लाखांवरून क्वचित होतात; 'मी एवढे भरले होते, कोणी नाव नाही काढलं' यावरून होतात. आईंना मात्र या वादात ओढू नका. त्यांना वाटलं तुम्ही भरताय, तुम्हाला वाटलं त्या भरतायत. चूक कोणाची, हे काढत बसण्यात अर्थ नाही.

पैसे भरायला मुखत्यारपत्र लागत नाही. घराचा इंडेक्स नंबर टाकून मनपाच्या साइटवर कोणीही कोणाचाही कर भरू शकतं. तुमच्या एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयांसाठीच्या रुपयांतल्या, खात्यातून नेटबँकिंगने भरा. अमेरिकेतल्या मोबाइल क्रमांकावरही आता एनआरओ खात्याला जोडून यूपीआय चालतं; बँकेने सुरू केलंय का ते विचारा. तुमचं कॉलेजच्या काळातलं इतवारीतलं बचत खातं अजून निवासी म्हणूनच चालू असेल, तर ते एनआरओ करून घ्या; अनिवासी माणसाने निवासी खातं चालू ठेवणं नियमबाह्य आहे. चालू वर्षाचा करही याच सुमारास भरून टाका. एप्रिल ते जून या काळात पूर्ण वर्षाचा एकरकमी भरणाऱ्यांना मनपा सवलत देत आली आहे, ऑनलाइन भरणाऱ्यांना थोडी जास्त. भरल्यावर पावती डाउनलोड करून घरच्या ग्रुपवर टाका.

मुखत्यारपत्र लागेल ते अर्ज, फेरफार आणि आकारणीच्या सुनावणीसाठी. ताईंच्या नावाने करा, पण 'सर्व अधिकार' देणारं आममुखत्यारपत्र करू नका. विशेष मुखत्यारपत्र करा, कर, वीज, पाणी, फेरफार, सुनावणी एवढ्याच कामांपुरतं. विक्रीचा अधिकार त्यात नको. ताईंवर अविश्वास म्हणून नव्हे. असा कागद दहा हातांतून फिरतो. ह्यूस्टनच्या भारतीय वाणिज्य दूतावासात जाऊन सही प्रमाणित करा, किंवा नोटरी करून टेक्सास राज्याचं अपॉस्टिल, म्हणजे कागद परदेशात चालावा म्हणून दिलेलं प्रमाणपत्र, घ्या. मूळ कागद नागपूरला पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर इथलं मुद्रांक शुल्क भरायचं असतं. हे राहून गेलं की तो कागद ऐनवेळी टेबलावरून परत येतो.

एक गोष्ट मात्र कागद सुरू करण्याआधी तिघांनी बसून ठरवा: या घराचं करायचं काय? बंदच ठेवायचं असेल तर वर सांगितलेला 'वापर' बदलण्याचा अर्ज योग्य. पण सहा महिन्यांत पुन्हा भाड्याने देणार असाल, तर आत्ता नोंद बदलून मग पुन्हा बदलण्यात काही मतलब नाही. भाड्याने दिलंत तर तुमच्या वाट्याच्या भाड्यातून भाडेकरूने पहिल्या रुपयापासून ३० टक्के आणि त्यावर सेस, म्हणजे ३१.२ टक्के टीडीएस कापायला हवा. आई आणि ताई निवासी असल्याने त्यांच्या वाट्याला हा नियम नाही. साधा नोकरदार भाडेकरू या भानगडीत पडायला बघत नाही, म्हणून करारातच तिघांचे वाटे आणि तिघांची खाती वेगळी लिहा. जास्त कापलेला टीडीएस विवरणपत्र भरून परत मिळतो. आणि इथे थकबाकी भरण्याचा थोडा फायदाही आहे. भाड्याच्या उत्पन्नातून घरटॅक्स वजा होतो तो ज्या वर्षी मालकाने प्रत्यक्ष भरला त्या वर्षी, मग तो कोणत्याही वर्षाचा असो. म्हणजे भाडं सुरू झालेल्या वर्षातच थकबाकी भरलीत, तर कराची रक्कम, शास्ती सोडून, त्या वर्षीच्या भाड्यातून वजा मागता येईल, आणि वर दुरुस्तीपोटी ३० टक्के सरसकट वजावट आहेच. तेवढ्यासाठी भरणा लांबवू नका, एवढंच.

विकायचं ठरलं तर थोडक्यात. दीर्घ मुदतीच्या नफ्यावर १२.५ टक्के कर; महागाई निर्देशांकाचा जुना पर्याय निवासी लोकांना ठरावीक जुन्या मालमत्तांसाठी ठेवलाय, तुम्हाला नाही. खरेदीची किंमत आणि तारीख बाबांची धरतात. तुमच्या वाट्यावर घेणारा टीडीएस कापेल. तो कमी कापला जावा म्हणून आयकर खात्याकडून आधीच प्रमाणपत्र घेता येतं. पैसे अमेरिकेत न्यायचे तर एनआरओ खात्यातून वर्षाला १० लाख डॉलरपर्यंत नेता येतात, सीएच्या प्रमाणपत्रासह. बंद घर हळूहळू खराब होतं, हे माझं मत. तरी आईंच्या हयातीत विकण्याची घाई मी करणार नाही. निर्णय त्यांचाही आहे, आणि एक वाटा त्यांचाही.

राहिलं तिकडचं. बंद घराचा नागपूरचा घरटॅक्स अमेरिकी रिटर्नमध्ये वजा मागू नका. २०१८ पासून परदेशातल्या खासगी घराच्या करावर ती वजावट बंद झाली आहे, आणि हा आयकर नसल्याने परदेशी कराचं क्रेडिटही मिळत नाही. घर भाड्याने दिलं तर मात्र तिथल्या भाड्याच्या हिशेबातही हा खर्च धरता येतो. एनआरओ आणि भारतातली बाकीची खाती मिळून वर्षात कधीही १० हजार डॉलरच्या वर गेली असतील तर एफबार, म्हणजे परदेशी खात्यांची माहिती देणारा अमेरिकी अहवाल, भरायला हवा. बाबांकडून आलेला वाटा एक लाख डॉलरच्या वर असेल, तर तोही अमेरिकी आयकर खात्याच्या फॉर्म ३५२० मध्ये कळवायचा होता. त्यावर कर नाही, पण न कळवल्याचा दंड मोठा असतो. भारतात वारसा कर १९८५ पासूनच नाही. हे तिकडच्या सीपीएला, म्हणजे करसल्लागाराला, पहिल्या भेटीतच सांगा.

आणि टेक्सासचा कर कंबरडं मोडतो म्हणालात, तर होमस्टेड सवलतीचा अर्ज केला आहे का? ती सवलत स्वतः त्या घरात राहणाऱ्याला आहे, ग्रीन कार्डवाल्यालाही मिळते. त्यामुळे करासाठी धरायची किंमत तर कमी होतेच, शिवाय ती दर वर्षी १० टक्क्यांपेक्षा जास्त वाढवता येत नाही. वसंतात काउंटीचं मूल्यांकनाचं पत्र आलं की साधारण १५ मेपर्यंत हरकत घेता येते, तीही घ्या. तिकडे ३१ जानेवारीची मुदत चुकवलीत तर दंड आणि व्याज मिळून जुलैपर्यंत १८ टक्के होतात, तेव्हा प्रतापनगरसारखं होऊ देऊ नका. होमस्टेडचा अर्ज काउंटीच्या अप्रेझल डिस्ट्रिक्टकडे फुकट करता येतो. तो भरून देतो म्हणून पन्नास-शंभर डॉलर मागणारी सरकारी दिसणारी पत्रं टपालाने येतात, ती सरळ फाडून टाका.